पाट्यांचा जाम झालेला बोल्ट: काढायचा कसा, बदलायचा कसा

जुनी थार, जिप्सी, बोलेरो, एखादी एमएम ५४०... मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली कुठलीही गाडी कोकणात काही पावसाळे काढते तेव्हा तिच्या शॅकलचे (पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बोल्ट जाम होतातच. खारी हवा, नदी-ओढ्यातलं पाणी आणि जांभ्याची लाल माती हे तिन्ही शॅकलच्या बेचक्यात जाऊन बसतात, आणि ती माती महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. वरून गाडी स्वच्छ दिसते, आत गंज चालू असतो. मग एक दिवस मागून करकर ऐकू येते, पाट्याच्या टोकातला रबरी बुश गेलाय असं कळतं, आणि तासाभराचं म्हणून घेतलेलं काम दोन दिवस खातं.

हे काम घरच्या अंगणात होतं, मी केलंय. पण ताकदीपेक्षा तयारीवर अवलंबून आहे, म्हणून क्रमाने लिहितो. पहिल्यांदाच करत असाल तर आधी सगळं एकदा वाचून घ्या आणि मगच पाना उचला.

१. जाम नेमका कुठे आहे ते ओळखा

बहुतेक नवखे लोक समजतात की नट गंजलाय. नट गंजलेला असतोच, पण तो क्वचितच खरा अडथळा असतो. पाट्याच्या टोकाच्या वेटोळ्यात रबरी बुश असतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्या बुशाच्या मध्यभागी एक पोलादी नळी असते. बोल्ट त्या नळीतून जातो. बोल्ट आणि नळी यांच्यात केसाएवढी फट, तिच्यात पाणी शिरतं, गंज धरतो. गंजलेलं लोखंड फुगतं, त्यामुळे ती फट भरून दोन्ही धातू एकजीव होतात.

ओळखायचं कसं? सामान आणून गाडी उचलल्यावर (मुद्दे २ आणि ३) नट काढून टाका आणि बोल्टच्या डोक्याला पाना लावून हळू फिरवून पाहा. बोल्ट थोडासा फिरला आणि पाना सैल सोडताच परत जागेवर आला, तर समजा नळीत जाम आहे. फिरलं ते रबर, बोल्ट नाही. नीट पाहिलंत तर नळीची कडाही बोल्टसोबत वळताना दिसते, आणि कडेने चॉकलेटी भुकटी गळते. अशा बोल्टला इम्पॅक्ट गन (ठोके देत नट-बोल्ट फिरवणारं यंत्र) लावून काही उपयोग नाही. गनचा प्रत्येक ठोका रबर पिऊन टाकतं. घण घालूनही तेच.

उलट नटच निघत नसेल, तर जाम आट्यांत आहे. तो तेल, उष्णता आणि धीर यांनी बहुतेक वेळा सुटतो.

हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळला तर अर्धा दिवस वाचतो. नळीतला जाम असेल तर बोल्ट वाचवण्याचा विचार सोडा. तो कापायचाच आहे, आणि त्याच्याबरोबर बुशही जाणार आहे.

२. नवं सामान हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावू नका

गाडी स्टँडवर उघडी पडलीय आणि बोल्ट मिळत नाही, ही अवस्था फार वाईट. म्हणून आधी खरेदी.

दुकानात जाताना आरसी किंवा चॅसी नंबर सोबत न्या, कारण एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे बोल्ट बदलतात. सर्व्हिस मॅन्युअलमधलं टॉर्कचं (कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं) पान मोबाइलमध्ये असू द्या. कंपनीचा मूळ बोल्ट मिळत असेल तर तोच घ्या. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सुटे बोल्ट मिळतात, पण तिथे घेताना चार गोष्टी तपासा:

- डोक्यावरचा आकडा. सस्पेन्शनला ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा बोल्ट असतो. पहिला आकडा ताणशक्ती सांगतो: ८ म्हणजे सुमारे ८०० मेगापास्कल, १० म्हणजे १०००. जुन्या बोल्टवर जो आकडा असेल त्यापेक्षा कमी चालणार नाही. आकडाच नसेल तर तो बोल्ट गेट-खिडकीसाठी आहे.
- आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. एम १२ बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात बहुधा १.७५ पिचचा मिळतो, गाडीत मात्र अनेकदा १.२५ किंवा १.५ असतो. दिसायला सारखे. दोन-तीन आटे चढतातही, मग अडकतात आणि नटाचे आटे जातात. जुना नट सोबत नेऊन हाताने फिरवून बघा.
- आटे नसलेल्या गुळगुळीत भागाची लांबी. ब्रॅकेटच्या कानांतून (बुशाच्या दोन्ही बाजूंच्या भोक असलेल्या पट्ट्यांतून) जाणारा भाग गुळगुळीत हवा. पूर्ण आट्यांचा बोल्ट घातला तर आटे कानाच्या भोकाला कानशीसारखे घासतात, भोक मोठं होतं आणि बोल्ट आट्याच्या खाचेतूनच तुटतो.
- स्टीलचा मोह. ‘गंजणार नाही’ म्हणून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट सुचवणारे भेटतील. बाजारात सहज मिळणारा ए२-७० ग्रेड ८.८ पेक्षा कमजोर असतो, आणि स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे कोरडेच आवळले तर ते एकमेकांत चावून बसतात. घेऊ नका.

आणखी एक सापळा लेथचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय वाटेल ते बनवून मिळतं, तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल शंका नाही. पण साध्या एमएस (माइल्ड स्टील) सळईतून काढलेला बोल्ट कितीही सुबक असला तरी तो ८.८ होत नाही. योग्य पोलाद आणि त्यावर उष्णता-प्रक्रिया, दोन्ही हवं. बुश दाबून काढायला आणि बसवायला लेथवाल्याकडे जा, बोल्टसाठी नको.

हत्यारं आणि बाकीचं सामान:

- सहा कोनी सॉकेट (बारा कोनी सॉकेट गंजलेल्या डोक्यावरून सटकतं), रिंग पाने, लांब ब्रेकर बार, टॉर्क रेंच
- दोन चांगले जॅक, निदान दोन जॅक स्टँड, लाकडी पाचरी
- तारेचा ब्रश, आत झिरपणारं तेल, दोन किलोचा हातोडा, पितळी सळई
- चार इंची ग्राइंडर आणि १ ते १.२ मिमी जाडीच्या कटिंग डिस्क, किमान सहा
- गॉगल, त्यावर चेहऱ्याची ढाल, चामडी हातमोजे, कानात घालायचे बोळे
- अग्निशामक सिलिंडर, पाण्याची बादली, ओलं गोणपाट
- नवे बोल्ट, नवे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे), वॉशर, बुश, आणि पाण्याने न धुतलं जाणारं ग्रीस

बुश दोन्ही बाजूंचे घ्या. एक बाजू गेली म्हणजे दुसरी मागोमाग येतेच.

३. गाडी उचलणे

कोकणात एक सवय सर्रास दिसते: गाडीखाली जांभ्याचा चिरा ठेवायचा. घर चिऱ्याचं उभं राहतं, म्हणून तो गाडीही पेलेल असं वाटतं. भिंतीत त्याच्यावर सगळीकडून सारखा भार असतो. जॅकच्या जागी एका टोकावर भार आला की जांभा न सांगता फुटतो. वीट आणि सिमेंटचा ब्लॉकही तसाच. गाडीखाली फक्त जॅक स्टँड, तोही फरशीवर किंवा जाड फळीवर, शेणसारवलेल्या अंगणात थेट नाही.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचरी लावा. हँडब्रेकवर विसंबू नका, तो मागच्या चाकांचा असतो आणि तीच तुम्ही उचलणार आहात. स्टँड चॅसीखाली, आणि दुसरा जॅक अॅक्सलखाली. हा दुसरा जॅकच महत्त्वाचा. अॅक्सल लोंबकळत असेल तर पाटा शॅकलला ओढतो, बोल्ट सुटताच शॅकल झटक्याने फिरतो आणि बोटं त्याच्या वाटेत असतात. अॅक्सल जॅकने थोडा-थोडा वर-खाली करून अशी जागा शोधा जिथे बोल्टवर ना वरून दाब आहे ना खालून ओढ.

एका वेळी एकच बाजू. आणि त्या बाजूतही आधी शॅकलचे दोन बोल्ट, नंतर पाट्याच्या पुढच्या टोकाचा. पुढचा बोल्ट अॅक्सलची जागा धरून असतो.

नव्या थारला (२०२० नंतरची) किंवा जिम्नीला पाटे नाहीत, स्प्रिंग आणि दांडे आहेत. मागच्या दांड्यांच्या बोल्टना हीच पद्धत लागू होते, फक्त एका वेळी एकच बोल्ट काढायचा, नाहीतर अॅक्सल फिरतो. थारच्या पुढच्या बाजूला दुहेरी विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी दांडे) आहेत आणि मध्ये दाबलेली स्प्रिंग. ते काम पहिल्यांदा करणाऱ्याने अंगणात करू नये, सरळ गॅरेजला द्यावं.

४. भिजवा, घासा, मग फिरवा

आदल्या दिवशीपासून सुरुवात करा. बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने लखलखीत होईपर्यंत घासा. आट्यांत माती ठेवून नट फिरवलात तर ती मातीच नटाला पाचरीसारखी अडकते. मग तेल मारा, रात्रभर सोडा, सकाळी परत मारा. नेहमीचा डब्ल्यूडी-४० चालतो, पण गंजासाठी बनवलेलं वेगळं तेल मिळालं तर जास्त बरं. तेल मारल्यावर बोल्टच्या डोक्यावर हातोड्याचे मध्यम ठोके द्या. कंपनाने तेल आत उतरतं.

आता नट. पहिला हिसका सोडवण्याच्या दिशेने देऊ नका, आधी किंचित आवळा. गंजाचा पापुद्रा तुटल्याचा ‘टक’ आवाज आला की उलटं फिरवा. पाव फेरा सोडा, थोडा आवळा, परत सोडा, मध्ये तेल. नट जड जायला लागला की थांबून मागे या. रागाने पान्याला लावलेला पाइप बोल्टचं डोकं तोडतो.

विलीसच्या पिढीच्या जुन्या जीपवर काम करत असाल तर सावध राहा. त्यांच्या यू-शॅकलमध्ये आट्यांचे बुश असतात आणि काही ठिकाणी ते डाव्या आट्यांचे असतात. अशा शॅकलच्या दांड्यावर छोटा उंचवटा असतो. तो बोटाने चाचपून मगच दिशा ठरवा.

नट निघाला की बोल्टवर थेट घण नको. नट परत शेवटच्या आट्यापर्यंत चढवा, बोल्टच्या टोकाशी सपाट येईल असा, आणि पितळी सळई ठेवून ठोका. नाहीतर टोक फुलतं आणि मग बोल्ट कानाच्या भोकातूनच बाहेर येत नाही. सात-आठ चांगल्या ठोक्यांत हलला नाही तर तो नळीत बसलाय. इथेच थांबा.

५. उष्णता: कुठे हो, कुठे नाही

आट्यांतल्या जामला उष्णता छान काम करते. नट तापवा, बोल्ट नाही. नट प्रसरण पावतो आणि पकड सुटते. लालभडक करायची गरज नसते.

नळीतल्या जामला मात्र गॅस लावू नका. बरीच गॅरेजं हेच करतात: गॅस पेटवला, बुश जाळला, बोल्ट ठोकून काढला. काम लवकर होतं, पण जळत्या रबराचा काळा धूर फुप्फुसात जातो, पाट्याच्या टोकाचं पोलाद नरम पडतं, आणि बऱ्याच गाड्यांत इंधनाची टाकी मागच्या पाट्याच्या शेजारीच असते. माझ्या ओळखीच्या एका गाडीचा ब्रेकचा रबरी पाइप असाच एका गॅरेजात भाजला. वरून नुसता काळवंडला होता, फुटला नंतर घाटात. माणसं वाचली ती रस्त्याला चढ होता म्हणून.

शॉक अब्सॉर्बरच्या जवळ ज्योत कधीच नको, आत तेल आणि अनेकदा दाबाखालचा वायू असतो. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवरही नको. त्यातल्या क्लोरीनयुक्त प्रकारांचा तापल्यावर विषारी वायू होतो. तापवलेला बोल्ट किंवा नट परत वापरायचा नाही.

६. कापणे

खरं काम हे. मन घट्ट करून आणि वेळ हातात ठेवून करा.

बोल्ट कापायचा दोन ठिकाणी: शॅकलचा कान आणि बुश यांच्यामधल्या फटीत, दोन्ही बाजूंना. मधला तुकडा बुशासकट पाट्यात राहतो, आणि डोक्याचा व नटाचा तुकडा कानांतून बाहेर येतो. फट बहुधा फार कमी असते. तिथे रबराची कड आधी सुरीने कापून घ्या म्हणजे नळीची कड दिसते. पाटा एका बाजूला पहारीने रेटला तर दुसऱ्या बाजूला डिस्कपुरती जागा निघते.

डिस्कची कड बुशाच्या बाजूला झुकलेली ठेवा. बुश तसाही फेकायचाय, त्यात दोन मिलिमीटर गेले तरी चालेल. कानात खाच गेली तर ती खाच पुढे तडा होते. जिथे डिस्क पोचत नाही तिथे हॅक्सॉचं पातं एका टोकाला कापड गुंडाळून हाताने चालवा. वेळ लागतो, पण कान वाचतो. कार्बाइड पात्याची रेसिप्रोकेटिंग सॉ भाड्याने मिळाली तर सोन्याहून पिवळं.

सुरू करण्यापूर्वी इंधनाची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरी ओल्या गोणपाटाने झाका. ठिणग्या कुठे उडतायत ते पहिल्या दोन सेकंदांत बघा आणि गरज पडली तर बाजू बदला. ग्राइंडरचा गार्ड काढायचा नाही, जागा कमी पडली तरी नाही. पातळ डिस्क फटीत तिरकी झाली की फुटते, आणि तुमचा चेहरा तिच्या रेषेत असतो. म्हणून ग्राइंडर दोन्ही हातांत, डोकं डिस्कच्या रेषेबाहेर, आणि बोल्ट तुटायच्या बेतात आला की दाब कमी. घरात दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर असू द्या. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, धुमसणारी ठिणगी लगेच दिसत नाही.

७. जुना बुश बाहेर काढणे

पाटा उतरवला असेल तर लेथवाल्याकडे प्रेसवर पाच मिनिटांचं काम. गाडीवरच काढायचा असेल तर रबरात ड्रिलने ओळीने भोकं पाडा, मधली नळी ठोकून काढा, आणि बाहेरचं कवच असेल तर हॅक्सॉच्या पात्याने आतून एक चीर द्या. कवचाच्या पलीकडे पाट्यात पातं जाऊ देऊ नका. चीर पडली की कवच छिन्नीने आत दुमडतं आणि निघतं.

बुशावर बाण, खूण किंवा रबरातली पोकळी असेल तर ती कोणत्या दिशेला आहे त्याचा फोटो काढून ठेवा. नवा तसाच बसला पाहिजे.

८. ब्रॅकेट तपासा

कानांची भोकं पेट्रोलने धुवून नाही, कापडाने आणि ब्रशने साफ करा. नवा बोल्ट भोकात घालून हलवा. भोक अंडाकृती झालं असेल तर नवा बोल्टही काही महिन्यांत तेच भोगणार. शॅकलच्या पट्ट्या स्वस्त असतात, बदला. चॅसीवरचा कान असेल तर चांगल्या वेल्डरकडून दुरुस्त करून घ्या. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची.

बोल्ट चॅसीत वेल्ड केलेल्या नटात तुटला असेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे उरलेल्या खुंटावर नवा नट ठेवून आतून वेल्ड मारणे. वेल्डची उष्णता गंज सोडवते आणि पाना लावायला डोकंही मिळतं. इझी-आउट (तुटलेल्या बोल्टमध्ये उलटे आटे रोवून तो काढणारं हत्यार) शेवटी वापरा. तो आत तुटला तर त्याच्यावर साधं ड्रिल चालत नाही.

९. नवा बोल्ट बसवणे

नळीच्या आत आणि बोल्टच्या गुळगुळीत भागावर ग्रीसचा सलग थर द्या. कारखान्यातून गाडी येते तेव्हा इथे बहुधा काही नसतं, म्हणूनच पुढचं सगळं घडतं. आट्यांवर मात्र ग्रीस नको, मॅन्युअल सांगत असेल तरच. मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असेल आणि आटे ग्रीसने निसरडे झाले, तर त्याच आकड्यावर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

बोल्ट हाताने आत गेला पाहिजे. जात नसेल तर हातोडा न उचलता अॅक्सलखालचा जॅक थोडा हलवा, भोकं समोरासमोर येतात. नायलॉक नट नवाच.

पाटा अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट काढावे लागले असतील तर तेही नवेच घाला, एकदा ताणलेले परत वापरायचे नाहीत. चारही नट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा. सेंटर बोल्टचं (पाट्यांची चवड एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं अॅक्सलच्या खाचेत बसलंय ना हे डोळ्याने बघा. ते बसलं नसेल तर गाडी तिरकी चालते.

१०. शेवटचा ताण चाकांवर उभी करून

ही पायरी जवळजवळ सगळे चुकवतात, आणि ‘नवे बुश वर्षभरात गेले’ ही तक्रार इथूनच येते.

बोल्ट आवळला की नळी दोन कानांच्या मध्ये घट्ट पकडली जाते. त्यानंतर पाटा हलतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. गाडी वर टांगलेली असताना बोल्ट पूर्ण आवळलात तर रबराची ‘मोकळी’ स्थिती तीच ठरते. गाडी खाली आली की रबर पिळलेलं, आणि ते उभ्या गाडीतही चोवीस तास पिळलेलंच राहतं. ते फाटतं.

म्हणून वर असताना नट फक्त टेकवा. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, मागून दोन-तीनदा दाबून हलवा, थोडी पुढे-मागे ढकला. मग खाली शिरून टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. जागा पुरत नसेल तर चारही चाकं सारख्या उंचीच्या मजबूत रॅम्पवर घ्या. पॉलियुरेथेनचे बुश नळीभोवती फिरतात, त्यांना हा नियम तितका लागू नाही, पण ते ग्रीसशिवाय बसवले तर किंचाळतात.

नट आवळून झाला की नटापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पुढे कधीही खाली वाकून पाहिलं की नट फिरलाय का ते लगेच कळतं.

११. त्यानंतर

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि विशेषतः यू-बोल्ट परत टॉर्कला तपासा. पाटे एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात.

गाडी चिखलात किंवा खाऱ्या पाण्याजवळ गेली की त्याच दिवशी शॅकलचं बेचकं गोड्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा थेट बुशाच्या कडेवर नको, तो पाणी आत ढकलतो. दर वर्षी पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आधी, एकेक बोल्ट सैल करून त्याच्या डोक्याला एक पूर्ण फेरा द्या. सहज फिरला तर नव्या नायलॉक नटावर, गाडी चाकांवर उभी ठेवून, परत टॉर्कला आवळा. जड फिरला तर त्याच दिवशी बाहेर काढा, घासा, ग्रीस लावा आणि घाला.